दुमडणारें लांकूड

लांकडी काडेपेटी एकेकाळीं प्रत्येक घरांत असे. परंतु ती उलगडून पाहण्याची बुद्धि लहान मुलांखेरीज सहसा कोणास होत नसे. तिचें बाहेरचें टरफल हलक्या हातानें सोडविलें म्हणजे एक लांबट, पातळ सालपट हातीं येई आणि त्यावर ठराविक अंतरांनीं चिरा पाडलेल्या दिसत. त्या चिरांवर सालपट काटकोनांत वळे, वर कागद चिकटे आणि पेटी तयार होई. तींत खिळा नसे, कूस नसे, सालहि नसे. लांकूड कापावें आणि जोडावें, हें सुताराचें परंपरागत शास्त्र. तें दुमडतांहि येतें ही गोष्ट अंबरनाथच्या कारखान्यानें लाखों घरांत नेऊन पोंचविली, आणि कोणाच्या ती ध्यानांतहि आली नाहीं.

हा कारखाना अंबरनाथास आला तो जकातीच्या कारणानें. १९२२ सालीं हिंदुस्थान सरकारनें परदेशी काडेपेट्यांवरील जकात दुप्पट केली. दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया पडूं लागला. त्या वेळीं जगाच्या काडेपेट्यांच्या व्यापारावर स्वीडनमधील आयव्हर क्रूगर याच्या कंपनीची पकड बसत चालली होती. माल बाहेरून आणणें परवडत नसेल तर कारखानाच आंत न्यावा, असा सरळ हिशेब त्या मंडळींनीं केला आणि १९२३ सालीं वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, लोकांच्या तोंडची ‘विम्को’, स्थापन झाली. अंबरनाथास कल्याणहून खोपोलीकडे १८५६ सालींच गेलेला लोहमार्ग होता आणि मुंबई जवळ होती. शके ९८२ चा शिलालेख असलेल्या शिवालयासाठीं ओळखल्या जाणाऱ्या ह्या गांवाला एक नवी ओळख मिळाली. पुढें क्रूगरनें १९३२ सालीं पॅरिसमध्यें आत्महत्या केली व त्याचें आर्थिक साम्राज्य कोसळलें; अंबरनाथचीं यंत्रें मात्र फिरतच राहिलीं. विम्को नाका हें नांव तेथें आजहि आहे.

काडेपेटीच्या कारखान्यांत ओंडक्याचे आंखूड तुकडे करून ते एका यंत्रांत दोन टोकांशीं धरीत व गरगर फिरवीत. समोरचें रुंद पातें ओंडक्याला भिडलें कीं गुंडाळलेला कागद सुटावा तसें अखंड सालपट बाहेर पडे. त्याच यंत्रावर बारीक चाकूंची एक रांग बसविलेली असे. सोलतां सोलतांच ती दुमडीच्या चिरा पाडी. किती खोल, हाच सगळा प्रश्न. चीर उथळ पडली तर सालपट वळतांना मोडे, खोल गेली तर तुकडाच निराळा होई. हा अंदाज सुताराच्या बोटांतून निघून यंत्राच्या एका स्क्रूंत जाऊन बसला.

परंतु हातानें हार मानली, असें मात्र झालें नाहीं. अंबरनाथचा कारखाना उभा राहत होता त्याच सुमारास, १९२३ सालीं, तामिळ देशांतील शिवकाशी येथें षण्मुग नाडर व अय्या नाडर ह्या दोघांनीं कलकत्त्यास जाऊन शिकून आलेल्या विद्येवर काडेपेट्या काढण्यास आरंभ केला. तेथें पेट्या घरोघरीं बायकापोरें दुमडीत व चिकटवीत. १९३४ सालीं काडेपेट्यांवर अबकारी कर बसला आणि पुढें लहान कारखान्यांना त्यांत सवलतीचा दर मिळाला. त्या आधारावर हातानें दुमडलेली पेटी यंत्राच्या पेटीशीं टक्कर देत टिकली. हा विजय कोणाच्या कष्टांवर मिळाला हें मात्र विसरतां येत नाहीं. कारण त्या कष्टांत लहान मुलांची बोटें होतीं.

येथवरची गोष्ट पातळ सालपटाची. जाड फळीला नुसती चीर पाडून ती वळवूं गेलें तर चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर आदळतात आणि फळी अडते. त्यासाठीं मधलें लांकूड काढून टाकावें लागतें, व तेंहि सरळ उभें नव्हे, तिरपें. दोन्ही बाजूंनीं पंचेचाळीस अंशांचा उतार देऊन नव्वद अंशांची खाच पाडली आणि तळाशीं पातळ पापुद्रा राखला, म्हणजे फळी त्या पापुद्र्यावर बिजागरीसारखी फिरते. दोन्ही उतार एकमेकांस भिडतात आणि बाहेरून अखंड दिसणारा काटकोन तयार होतो. षट्‌कोनी डबा करावयाचा तर खाच साठ अंशांची, अष्टकोनी करावयाचा तर पंचेचाळीसांची. फळी जितकी वळवावयाची तितकाच खाचेचा कोन, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे.

रेडिओ व ध्वनिवर्धक यांच्या पेट्या पाश्चात्त्य कारखान्यांत अशाच होऊं लागल्या. भुशाच्या फळीवर लांकडाच्या नक्षीचें प्लॅस्टिकचें आवरण चिकटवीत, मागून खाचा पाडीत आणि सरस लावून चारी बाजू एकदम दुमडीत.

आतां अशी खाच नेमकी पाडावी कशी? रंध्यानें व करवतीनें ती साधते, पण दहांपैकीं दहा सारख्या साधत नाहींत. ह्या अडचणीवरचा उपाय सुतारकामांतून आला नाहीं. तो आला विमानांतून. अमेरिकेंत जॉन पार्सन्स हा हेलिकॉप्टरचीं पातीं करणारा कारखानदार वक्र आकार आंकड्यांनीं सांगून यंत्राकडून कापून घेण्याच्या खटपटींत होता. १९४९ सालीं त्याला तेथील हवाईदलाचें काम मिळालें आणि १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत भोंकें पाडलेल्या कागदी फितीच्या आज्ञेनें चालणारें यंत्र लोकांपुढें आलें. पुढच्याच वर्षीं, १९५३ सालीं, अंबरनाथ येथें सरकारनें मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी काढली. तिचा सुतारकामाशीं संबंध नव्हता. पण यंत्रें घडविणारीं यंत्रें येथेंच घडवावीं, ही आकांक्षा ह्या परिसरांत त्या कारखान्यानें आणली. फितीची जागा पुढें संगणकानें घेतली आणि ‘सीएनसी’ हीं तीन अक्षरें कारखान्यांतून सुताराच्या दुकानापर्यंत येऊन पोंचलीं.

दुकानें म्हटलीं कीं उल्हासनगर आलें. महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेलीं कुटुंबें तिच्या बराकींत उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं नव्या नगराची कोनशिला बसविली. नांव उल्हास नदीवरून पडलें. एकेका बराकीचे पडदे घालून संसार थाटलेल्या ह्या लोकांनीं जो मिळेल तो धंदा केला, आणि घरें गमावलेल्यांच्या ह्या नगराचा फर्निचर बाजार दुसऱ्यांचीं घरें सजविण्याबद्दल प्रसिद्ध झाला. बराकींचे क्रमांक मागें पडले तरी ‘कॅम्प’ हा शब्द पत्त्यांत राहिला आहे.

संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या राउटरला कोन चुकविण्याचें कारण नाहीं. टोंकदार पात्याचा कोनच नव्वद अंशांचा घासलेला असतो. अडचण निघते ती खालून. अठरा मिलिमीटरची फळी, अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. म्हणजे पातें साडेसतरा मिलिमीटर उतरलें पाहिजे आणि वर खाच पस्तीस मिलिमीटर रुंद झाली पाहिजे. यंत्राचा पाट एका कोपऱ्यांत अर्धा मिलिमीटर उंच असला तर तेथें पापुद्रा उरतच नाहीं आणि फळीचे दोन तुकडे होतात. म्हणून जाणता कारागीर प्रथम यंत्राकडून तो पाटच रंधून सपाट करून घेतो. पातें झिजून कोन एका अंशानें कमी झाला तर चार कोपऱ्यांत चार अंशांची तूट येते आणि शेवटचा सांधा उघडा राहतो. मग कितीहि सरस भरला तरी तो मिटत नाहीं. शिवाय खऱ्या लांकडाचा पापुद्रा वळतांना तडकतो. त्यासाठीं दुमडण्यापूर्वीं बाहेरून चिकटपट्टी लावून तो धरावा लागतो, खाचेंतला भुसा कुंच्यानें झाडावा लागतो आणि मग दोन माणसांनीं दोन्ही कडा सारख्या गतीनें उचलाव्या लागतात. हें काम अजून हातानेंच होतें, आणि पेटी बंद होतांना ती चौकोनी बसली कीं नाहीं हें पाहावयास गुण्याच लावतात.