मयत जोडीदाराने घरासाठी दिलेली रक्कम : न्हावा शेवा परिसरातील वाद

पती, पत्नी अथवा विवाहाविना सहजीवन करणारा जोडीदार यांपैकी एकाने हयातीत दुसऱ्यास घर घेण्यासाठी वा बांधण्यासाठी पैसा द्यावा, आणि त्याच्या पश्चात तो पैसा बक्षीस होता, कर्ज होते, की केवळ सोयीसाठी दुसऱ्याच्या नावे ठेवलेली मयताचीच मिळकत होती, याविषयी मागे राहिलेला जोडीदार व इतर वारस यांच्यात तंटा उपस्थित व्हावा, अशा दिवाणी वादांचा हा वर्ग आहे.

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे या वादाला निराळी धार आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि भाताची शेते व मिठागरे संपादनाखाली गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला, आणि त्या रक्ताच्या मोलाने पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. येथील बंदर १९८९ साली सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. अशा ठिकाणी घरासाठी दिलेला पैसा पुष्कळदा एकट्या देणाऱ्याच्या कमाईचा नसून गेलेल्या जमिनीचा मोबदला असतो, आणि म्हणून दीर, नणंदा, सासू यांना तो परक्या हाती गेला असे वाटते; ही भावना लोभातूनच येते असे मानणे अन्यायाचे होईल. त्यातच भूखंड मूळ खातेदाराच्या नावे मंजूर होत असल्याने, तो मयत झाला की वारसदाखल्यापासून सारे प्रकरण नव्याने उभे राहते.

हा परिसर ज्यात मोडतो त्या उत्तर कोकणात हिंदूंच्या मिळकतीच्या व वारशाच्या बाबतीत पूर्वी ‘मिताक्षरा’ या ग्रंथापेक्षा नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ अधिक प्रमाण मानला जाई. त्या परंपरेत नारदस्मृतीपासून चालत आलेला भेद असा की, प्रेमाने पतीने दिलेले धन स्त्रीने त्याच्या पश्चात स्वेच्छेने भोगावे वा द्यावे, स्थावर मात्र त्याला अपवाद. रोकड तिची, घराच्या भिंती मात्र पूर्णतः तिच्या नव्हेत, हा भेद १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ ने मोडला व स्त्रीच्या मिळकतीवर तिची संपूर्ण मालकी प्रस्थापित केली. मात्र बक्षीसपत्र, मृत्युपत्र वा अन्य दस्त, न्यायालयाचा हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा यानेच हक्क मर्यादित दिला असेल, तर ती मर्यादा टिकते.

रोकड आणि स्थावर यांतील दुसरा भेद मात्र आजही जिवंत आहे, आणि माझ्या मते बहुतेक दाव्यांचा निकाल तेथेच दडलेला असतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे स्थावराचे बक्षीस नोंदणीकृत दस्ताने, दोन साक्षीदारांच्या सहीनेच होते. पैशाचे बक्षीस ताबा दिल्यानेही पूर्ण होते, परंतु घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारले पाहिजे. म्हणून ज्याने पत्नीच्या खात्यात रक्कम भरली आणि तिने त्यातून खरेदीखत केले, त्याचे दान सिद्ध करणे सुकर. ज्याने धनादेश लिहून ठेवला पण तो वटण्यापूर्वीच डोळे मिटले, त्याचे दान अपुरे ठरण्याचा धोका असतो. आणि ज्याने ‘हे घर तुझेच’ असे चार माणसांत सांगितले पण दस्त स्वतःच्या नावे ठेवला, त्याच्या शब्दाने मालकी बदलत नाही. वारसांनी ती रक्कम उसनी होती अशी कैफियत मांडली, तर शाबितीचा भार त्यांच्यावर पडतो, शिवाय कर्जवसुलीस सामान्यतः तीन वर्षांची मुदत आड येते.

पैसा एकाचा आणि खरेदीखत दुसऱ्याच्या नावे, असे असेल तर बेनामीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने जयदयाल पोद्दार खटल्यात यासाठी कसोट्या सांगितल्या: पैसा कोठून आला, ताबा कोणाकडे, नाव वापरण्याचा हेतू काय, उभयतांचे नाते कोणते, दस्तऐवज कोणाच्या पेटीत आणि नंतरची वहिवाट कशी. ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या वा पतीच्या नावे घेतलेल्या घरास कायद्याने अपवाद दिला आहे. विवाहाविना राहणाऱ्या जोडीदारास तो अपवाद नाही आणि वारसाहक्कही नाही, त्यामुळे आधी पैसा बक्षीस मिळाला व घर त्या पैशातून घेतले, हे दाखवणारा कागदच त्याचा आधार. आयुष्यभर सोबत केलेल्या माणसाची ही निराधार अवस्था मला अस्वस्थ करते.

नामनिर्देशनाविषयीचा गैरसमज येथे फार नुकसान करतो. ‘कालनिर्णय’कर्ते जयंत साळगावकर यांच्या संपत्तीवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की समभाग व म्युच्युअल फंड यांतील नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. गृहनिर्माण संस्थेतही नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंतची तात्पुरती सभासदच असते.

सर्वांत कठीण प्रसंग गावठाणातला. सासऱ्याच्या जागेवर मुलाने स्वतःच्या कमाईतून, बायकोच्या नावाने म्हणून, मजला चढवायचा आणि मग अकाली जायचे. जमीन सासऱ्याची, तेव्हा सुनेच्या हाती सिमेंटच्या पावत्याच तेवढ्या उरतात. २०२२ साली प्रभा त्यागी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विधवेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क मान्य केला. तो निवासाचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. पण सासऱ्याच्या मनात असेल, तर महाराष्ट्रात राहते घर मयत मुलाच्या पत्नीस नोंदणीकृत बक्षीसपत्राने देण्यासाठी मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे.