चहागृहांचा संगणक

आज कंपनीचें बिल कोणाच्या मंजुरीस जावें, माल केव्हां मागवावा, हें सॉफ्टवेअरच ठरवितें. या रीतीचा उगम शोधूं गेलें तर आपलें लक्ष प्रथम अमेरिकेकडे जातें. परंतु व्यापारी कंपनीचें नित्याचें काम संगणकानें प्रथम केलें तें लंडनमध्यें, आणि तें करविणारी कंपनी चहा व केक विकणारी होती! जे. लायन्स आणि कंपनी हें तिचें नांव. दीडशेंहून अधिक चहागृहें, माल नाशवंत, आणि गिऱ्हाइकामागें नफा पेनीच्या अंशानें मोजावयाचा. त्यामुळें हिशेबनिसांची फौज मोठी होती.

१९२३ सालीं केंब्रिजचे गणिती जॉन सिमन्स तेथें नोकरीस लागले. कोणता कागद कोणीं लिहावयाचा, तो कोणाकडे जावयाचा आणि मुळांत तो हवाच कशाला, याची त्यांनीं वर्षानुवर्षें छाननी चालविली. हें काम मला यंत्राहूनहि मोठें वाटतें. मी ज्या शाळेंत होतों तेथें फी-माफीचे सारे नियम कारकुनाच्या डोक्यांत असत. तो आजारी पडला कीं मुलांचे अर्ज तसेच पडून राहत. लायन्समध्यें नियम डोक्यांतून कागदावर उतरले होते, म्हणूनच पुढें ते यंत्रास सांगतां आले.

१९४७ सालीं कंपनीचे दोन अधिकारी, टॉम्सन व स्टँडिंगफर्ड, अमेरिकेंत गेले. तेथें प्रिन्स्टनच्या गोल्डस्टाइन यांनीं सांगितलें कीं, असें यंत्र तुमच्याच केंब्रिजमध्यें विल्क्स तयार करीत आहेत. काखेंत कळसा नि गांवाला वळसा! लायन्सनें केंब्रिजला ३,००० पौंड दिले, त्या यंत्राच्या धर्तीवर स्वतःचा 'लिओ' उभारला, आणि नोव्हेंबर १९५१ मध्यें बेकरीच्या मालाचा साप्ताहिक हिशेब त्याकडे सोंपविला.

खरी मौज १९५४ सालच्या चहागृहांच्या मागण्यांत आहे. प्रत्येक चहागृहाची वारागणिक ठराविक मागणी कार्डांवर नोंदलेली असे. व्यवस्थापिकेनें रोज सगळी यादी भरावयाची नाहीं. उद्यां काय कमी, काय अधिक, एवढेंच दूरध्वनीवर सांगावयाचें. ऐकणारी मुलगी तेवढाच फरक कार्डावर छिद्रें पाडून नोंदवी. यंत्र तो नेहमींच्या मागणींत मिळवी आणि एकंदर किती माल लागेल, कोणत्या दुकानीं काय धाडावें, हें छापून देई. पावसाचा रंग पाहून केक कमी करण्याचा अधिकार मात्र बाईंकडेच राहिला.

डेव्हिड कॅमिनर हे या आज्ञावलींचे शिस्तखोर मास्तर. प्रथम कामाचा ओघ आकृतींत मांडावयाचा, 'असें झालें तर काय' हें विचारावयाचें, मग आज्ञा लिहावयाच्या. आणि एकाचें लिखाण दुसऱ्यानें तपासल्यावांचून यंत्रावर चढवावयाचें नाहीं. एका माणसाचा पगार काढण्यास कारकुनाला आठ मिनिटें लागत, लिओला दीड सेकंद. नियम चुकला तर तितक्याच वेगानें साऱ्यांचे पगार चुकणार, हें उघड होतें. म्हणून कारकुनांचे आणि यंत्राचे आंकडे कित्येक आठवडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले, आणि मगच १९५४ च्या आरंभीं पगाराचें काम लिओकडे गेलें. त्याच वर्षीं लायन्सनें असे संगणक इतरांना विकण्यासाठीं वेगळी कंपनी काढली. पहिला लिओ १९६५ पर्यंत चालला.