तांबड्या मातीची गाडी

आमच्या परभणीची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला चिकटते. कुस्तीला ती कामाची नाही. म्हणून आखाड्यासाठी तांबडी माती गाडीनं आणायची आणि तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवायचं. गंगाखेडकडच्या जत्रांत हलगी कडाडली की आधी लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या, मग नारळाच्या, आणि दिवस कलताना शेवटची, मोठ्या इनामाची. इनाम गावच्या वर्गणीचं, पंच गावातलेच जुने पैलवान.

1948मध्ये इथली निजामी राजवट संपली. 1952ला पैलवान खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. 1961ची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली ती औरंगाबादेत, आपल्या मराठवाड्यात! महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

ऑलिम्पिकची कुस्ती मातीत नाही, मॅटवर होते, तेव्हा मॅट खेड्यातल्या पोरांनाही मिळालीच पाहिजे. शाळेत पीटी शिकवताना मी हेच सांगत आलो. पण रेवडीची कुस्ती मोडू नका. सात-आठ वर्षांचं पोर अख्ख्या गावासमोर लंगोट कसून उभं राहतं, ते तिथंच. त्याला निवड चाचणी लागत नाही, प्रवेश फी लागत नाही.