हळुवार टेकले म्हणजे उत्तम उतरले काय?

मुंबईहून किंवा नागपूरहून निघालेले विमान दोह्याला उतरले की प्रवासी वैमानिकाचा निकाल तिथल्या तिथे लावून टाकतात. चाके टेकल्याचे कळलेच नाही तर वैमानिक कसलेला आणि जरा दणका बसला तर नवशिका. आखातात ये-जा करणाऱ्या मराठी घरांत हा समज इतका रुजला आहे की तो कोणी तपासूनही पाहत नाही. माझ्या मते तो चुकीचा आहे, आणि चुकीच्या गोष्टीला टाळ्या मिळवून देणारा आहे.

आधी पूर्वपक्षाला त्याचे श्रेय देऊ. प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येते. वेग 140 नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे 72 मीटर धरला, तर ते दर सेकंदाला पावणेचार मीटर खाली जात असते. चाकांचा सांगाडा मात्र उतरतानाच्या कमाल वजनाला सेकंदाला सुमारे तीन मीटरच्या आघातासाठी घडवलेला असतो. म्हणून तसेच टेकून चालत नाही. जमीन तीसेक फुटांवर आली की वैमानिक नाक दोन-तीन अंश वर घेतो. पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो, उचल वाढते आणि खाली येण्याची गती मंदावते. त्याच वेळी इंजिनांची ताकदही काढून घेतली जाते. याला फ्लेअर म्हणतात. एअरबस ए320 मध्ये तर संगणकच तीस फुटांपासून नाक हलकेच खाली झुकवू लागतो, म्हणजे वैमानिकाला दांडा मागे ओढावाच लागतो. आघात कमी करणे हे फ्लेअरचे काम आहे, एवढे पूर्वपक्षाचे खरे.

पण आघात मर्यादेत आणणे वेगळे आणि तो जाणवूच न देणे वेगळे. फ्लेअरने मर्यादा साधायची ती योग्य जागी आणि योग्य वेगाला. विमान आणखी हळुवार टेकावे म्हणून तीन सेकंद तरंगत ठेवले तर दोनशेहून अधिक मीटर धावपट्टी मागे पडते. हवेत तरंगताना वेग सावकाश उतरतो. खरे थांबवतात ते जमिनीवरचे ब्रेक. ते चालायला चाकांवर भार यावा लागतो, आणि तो भार आणतात पंखांवर उभे राहून उचल मोडणारे स्पॉयलर.

चाके नीट दाबली न जाण्याची किंमत 14 सप्टेंबर 1993 रोजी वॉर्सामध्ये दिसली. लुफ्तान्साचे ए320 ओल्या धावपट्टीवर आधी एकाच बाजूच्या चाकांवर टेकले. दुसऱ्या बाजूची चाके नऊ सेकंदांनी टेकली. दोन्हीकडे पुरेसा भार आल्याची खूण मिळेपर्यंत स्पॉयलर आणि इंजिनांचा उलटा जोर अडून राहिले. विमान धावपट्टी ओलांडून गेले आणि दोघे दगावले. ओल्या धावपट्टीवर ठामपणे टेका, असे वैमानिकांना शिकवतात ते याचसाठी. पाण्याचा पातळ थर कापून चाकांनी जमीन पकडली पाहिजे.

आखातातून परतणाऱ्यांना दोन घटना विसरता येणार नाहीत. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला 8,033 फुटांच्या धावपट्टीवर सुमारे 5,200 फूट ओलांडून टेकले. 158 जण गेले. 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोडला 8,858 फुटांपैकी 4,438 फूट मागे टाकून विमान टेकले. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. त्यातले कॅप्टन दीपक साठे हवाई दलात चाचणी वैमानिक राहिलेले होते. दोन्हीकडे मूळ दोष हळुवारपणाचा हट्ट नव्हता, न जमलेला उतार तसाच पुढे रेटणे हा होता. पण चाके कुठे टेकली हा प्रश्न कशी टेकली यापेक्षा किती मोठा आहे, हे या दोन घटनांइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. कसबी हातालाही मागे पडलेली धावपट्टी परत मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, दोह्याच्या हमद विमानतळाची एक धावपट्टी 4,850 मीटरची आहे, तिथे थोडे तरंगले तर काय बिघडले? प्रश्न बिनतोड वाटतो, पण आहे कच्चा. एक तर उन्हाळ्यात 45 अंशांना हवा विरळ होते. वेगमापकावर तोच आकडा असला तरी खरा वेग सुमारे पाच टक्क्यांनी जास्त असतो आणि थांबायला अंतरही जास्त लागते. दुसरे म्हणजे टेकण्याचा पट्टा धावपट्टी लांब म्हणून लांबत नाही. तो पहिल्या तीन हजार फुटांत, किंवा धावपट्टी आखूड असेल तर तिच्या पहिल्या तृतीयांशात संपतो. तिथे टेकणे साधत नसेल तर पुन्हा वर जायचे. आणि तिसरे, मुख्य कारण सवयीचे. दोह्यात पाऊस क्वचित, पण तिथे उतरणारा वैमानिक ऐन पावसाळ्यात मुंबई, गोवा किंवा कोळिकोडलाही उतरतो. लांब, कोरड्या पट्टीवर तरंगण्याची सवय लागली तर ती ओल्या, आखूड पट्टीवर ऐनवेळी सुटत नाही.

दणका मर्यादेबाहेर गेला तर विमानाची तपासणी करावीच लागते. त्याचे समर्थन मी करत नाही. पण मर्यादेतला ठाम स्पर्श हा दोष नव्हे, पुष्कळदा तो निर्णय असतो. तेव्हा टाळ्या वाजवायच्याच असतील तर विमान ठरल्या जागी टेकून वेळेत थांबले म्हणून वाजवा. आणि जमत नाही असे दिसताच जो वैमानिक पुन्हा वर गेला, त्याच्यासाठी जरा जास्त वाजवा.