सुपारी, पोस्टकार्ड आणि तीस सेकंद

तुम्ही मोबाइलवर गाणं लावलं आणि एकतिसाव्या सेकंदाला पुढे ढकललंत, तरी स्पॉटिफायच्या हिशेबात ते 'ऐकलं' गेलं. एकोणतिसाव्या सेकंदाला ढकललंत, तर नाही. अशा कोट्यवधी नोंदी चाळून उद्याचा कलाकार आजच हेरणं हा आता धंदा आहे. अमेरिकेतल्या 'नेक्स्ट बिग साउंड'ने हेच काम केलं आणि २०१५ मध्ये पँडोराने ती कंपनी विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षी स्पॉटिफायने 'द एको नेस्ट' घेतली होती. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे या यंत्रांचं मला अप्रूप आहेच. पण श्रोत्यांवरून कलाकाराचा भाव ओळखायची रीत आमच्या पुणे जिल्ह्यात मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

माझं गाव रांजणगाव, तालुका शिरूर. याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात. मागच्या वर्षी कुठला फड रंगला, कुठे पब्लिक पहाटेपर्यंत बसलं, कुठे अर्ध्यात उठून गेलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा डेटाच. त्यात सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे त्याच गावाने त्याच फडाला दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं.

या मोजणीत खोट नव्हती असं नाही. दौलतजाद्यात ज्याच्या खिशात नोटा, त्याची फर्माईश आधी. कमिटीत बायका जवळपास नसायच्याच. दलित वस्तीचं मत विचारलं जाईच असं नाही. मोजणारे कोण, यावर कोण 'वर येतंय' ते ठरत होतं.

हीच गोष्ट पुढे रेडिओवर दिसते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर मराठीच. सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्याला काय आवडतं हे मोजायची सरकारला गरजच वाटत नव्हती. ती मोजणी कोलंबोहून झाली. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पत्रांचा पाऊस पडला. पुढे गाण्यांचा क्रम लावताना दुकानांतली रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांचा कौल, दोन्ही धरले जाऊ लागले. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाही 'विविध भारती' काढावी लागली.

त्या काळाने एका गावाला अमर केलं: झुमरी तलैया. अभ्रकाच्या खाणींचं हे छोटं गाव आज झारखंडमध्ये आहे. तिथून फर्माइशी इतक्या येत की देशभर लोकांना वाटायचं, हे नाव बनावट असणार. पण पोस्टकार्डावर गावाचं नाव लिहिलेलं असे, निवेदक ते वाचून दाखवी. गाव लहान असलं तरी मोजणीत ते स्वतःच्या नावाने हजर होतं.

मोजायची पद्धत बदलली की कलाकारही बदललेले दिसतात. अमेरिकेत 'बिलबोर्ड'ची यादी आधी दुकानदारांच्या सांगण्यावर बने. मे १९९१ पासून दुकानातल्या बारकोडची नोंद घेणारी 'साउंडस्कॅन' पद्धत आली. त्याच सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स या कंट्री गायकाचा अल्बम पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला. कंट्री संगीतात असं प्रथमच घडलं. श्रोते एका रात्रीत जन्मले नव्हते. ते होतेच, पण दुकानदार सांगत नव्हते.

आपल्याकडे हे काम कॅसेटने केलं, तेही यादीशिवाय. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आणि पुढे आनंद-मिलिंद शिंदे वस्त्यांमध्ये, जत्रांमध्ये, टेम्पोत वाजू लागले. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीबाहेर भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागायचे. कुठला गायक चालतो ते स्टॉलवाल्याला संध्याकाळपर्यंत कळायचं. वर्तमानपत्राच्या संगीत समीक्षकाला ते कित्येक वर्षं कळलं नाही.

आता पुन्हा आपल्या ॲपकडे येऊ. रांजणगावच्या एमआयडीसीत मराठवाडा, विदर्भ, बिहारमधून आलेली पोरं राहतात. एका खोलीत चार जण, एक ब्लूटूथ स्पीकर, एकाचं खातं. चौघं ऐकतात, नोंद एकाची होते. लग्नात डीजेच्या पेनड्राइव्हवरून गाणं वाजतं, अख्खा मांडव नाचतो, नोंद शून्य. शिवाय ॲप बऱ्याचदा आयपी पत्त्यावरून श्रोत्याचं ठिकाण ताडतं. मोबाइल नेटवर्कचा आयपी अनेकदा मोठ्या शहराचा दिसतो. म्हणजे रांजणगावात वाजलेलं गाणं पुण्याच्या किंवा मुंबईच्या खात्यात जमा होऊ शकतं. झुमरी तलैयाचं पोस्टकार्ड पोचत होतं, आपलं पोचेलच असं नाही.

हा प्रश्न नुसत्या मानाचा नाही, पैशाचाही आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. दुसरीकडे ज्यांच्याकडे पैसा आहे ते आकडा फुगवू शकतात. जाहिरातीतून विकत घेतलेले व्ह्यूज २४ तासांच्या विक्रमात धरणं यूट्यूबला सप्टेंबर २०१९ मध्ये बंद करावं लागलं. दौलतजाद्यातली नोट नव्या रूपात परत आली, इतकंच.

मग ही यंत्रं टाकाऊ का? नाही. नारायणगावच्या कमिटीला जे लागायचं, तेच त्यांना विचारता येतं. एकूण किती वेळा वाजलं यापेक्षा तोच श्रोता पुढच्या आठवड्यात परत आला का, गाणं शेवटपर्यंत ऐकलं का, जपून ठेवलं का, हे आकडे जास्त खरं बोलतात आणि ते विकत घेणंही अवघड. पण ज्यांची नोंदच होत नाही, त्यांच्याबद्दल कुठलाही आकडा बोलत नाही. उद्याची विठाबाई नारायणगावकर कदाचित आज एखाद्या जत्रेत गात असेल, आणि तिचे हजार श्रोते समोर जमिनीवर बसलेले असतील. तिला शोधायचं तर ॲप उघडण्याबरोबरच जत्रेलाही जावं लागेल.