वसई : किल्ल्याचा इतिहास आणि बंदराचा

भोपाळच्या मराठी घरांत वसईचे नाव बहुधा चिमाजीअप्पांच्या नावासोबतच घेतले जाते. ते स्वाभाविकच आहे. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी जवळच दोराह्याला त्याच्याकडून तह लिहून घेतला. त्या मोहिमेतले राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर पुढे वसईच्या तटाखालीही उभे होते. माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना वसई आपली वाटते ती यामुळेच. परंतु मे १७३९ च्या विजयापाशी वसईची कथा संपवण्याची आपली सवय त्या गावावर अन्याय करणारी आहे. त्या विजयात किल्ला हाती आला. बंदराचे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही.

बंदराची कथा शेजारच्या सोपाऱ्यात सुरू होते. प्राचीन शूर्पारक ते हेच. ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही येथे मिळाले. सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकलला. सांचीच्या सावलीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना या नात्याचे अप्रूप वाटावे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजे सोपाऱ्यास येईनाशी झाली, आणि व्यापाराने उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसई जवळ केली. बंदरे अशीच सरकतात. तोफांपेक्षा गाळ अधिक शहरे बुडवतो.

हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. मुंबईची बेटेही त्यातच गेली. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची ही राजधानी झाली. चौल, दमण, दीव ही ठाणी तिच्याकडे पाहात. तटाच्या आत उमरावांचे वाडे, चर्च आणि मठ उभे राहिले. येथे जहाजे बांधली जात, आणि येथला कठीण दगड गोव्याच्या इमारतींसाठी जाई. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रूसावर मारले गेले व १८६२ मध्ये संतपदास पोहोचले. या वैभवाला धर्मच्छळाची काळी किनार होती, हेही सांगितले पाहिजे.

उतरण मात्र मराठे येण्यापूर्वीच लागली होती. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या १६६१ च्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती कंपनीला दिली. धर्माचा जाच नसलेल्या त्या बेटाकडे व्यापारी वळले. सन १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसई लुटली. चिमाजीअप्पांनी वेढा घातला तेव्हा तट भक्कम होता, पण आतले शहर पोकळ होत चालले होते. सेबस्तियन बुरुजाखाली सुरुंग उडाले, हजारो माणसे कामी आली, आणि शेवटी पोर्तुगीजांना सन्मानाने जाऊ देण्यात आले. चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरी, मेणवलीस पोहोचल्या.

वसईचे बाजीपूर झाले. नाव बदलले, तरी जहाजे परतली नाहीत. पुणे दरबाराचे लक्ष जमिनीवर, चौथाई-सरदेशमुखीवर होते. मालाच्या जहाजाची वाट पाहणारा तो दरबार नव्हता. त्याहून वाईट म्हणजे १७५६ मध्ये नानासाहेबांनी इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गास तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळविले. मराठ्यांचा समुद्रावरचा सर्वांत मोठा आधार त्यांनीच असा घालविला. माझ्या मते वसईचे खरे पतन विजयदुर्गच्या त्या आगीत झाले. मग १७८० मध्ये गोडार्डने ती घेतली तर नवल काय? आपल्या मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरजवळच्या सालबाईत १७८२ मध्ये झालेल्या तहाने वसई परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. खाडीच्या पलीकडचा काठ त्यांचा झाला. यशवंतराव होळकरांपुढे हरलेला दुसरा बाजीराव अखेर याच गावी आश्रयाला आला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच तैनाती फौजेच्या तहावर सही झाली. ज्या वसईसाठी होळकर-शिंदे एकत्र लढले होते, तेथेच त्यांच्या वारसांच्या दुहीचे फळ पदरात पडले.

सन १८६४ मध्ये रेल्वे आली ती किल्ल्यापासून दूर पूर्वेकडून, आणि वस्तीही तिकडेच वाढली. तटाच्या आत आज पडक्या चर्चच्या भिंती व झाडी आहे. बाहेर केळीच्या वाड्या आहेत. राजेळी केळ्यांची सुकेळी अजून होते. तेथील ख्रिस्ती समाज घरात मराठीचीच सामवेदी बोली बोलतो. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. किल्ल्यालगतच्या पाचूबंदरात कोळ्यांच्या होड्या अजून लागतात, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून वसईच्या धक्क्यावरून भाईंदरला वाहनांसह माणसे नेणारी रो-रो बोट जाऊ लागली आहे.