कलम १७ची कुळी

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी पुरतं. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या या वसाहतीचं तीन तारांचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला पास, गिरणीतलं काम हे सारं कैकाडी, पारधी, भामटे, कंजारभाट अशा घरांतून पुष्कळ सांगून झालं आहे. गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा, मुंबई इलाख्यात तो आला १९११ साली, देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. नेहरूंनी येऊन तार तोडल्याची गोष्ट तर इथं घरोघरी ऐकायला मिळते. माझा जीव मात्र या कायद्याच्या एकाच कलमात अडकला आहे.

१९११च्या कायद्याचं कलम १७ म्हणतं की गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतलं सहा वर्षांवरचं आणि अठराच्या आतलं मूल सरकारला आई-बापांपासून काढता येईल आणि औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवता येईल. मुलानं काही केलेलं असावं अशी अट नाही. जन्म पुरे. १८७१च्या मूळ कायद्यात हे नव्हतं. मग ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली?

माझा पहिला संशय बॉस्टनवर होता, आणि तो फुकाचा नव्हता. सोलापूरची सेटलमेंट पुढे चालवायला घेतली अमेरिकन मराठी मिशननं. या मिशनची मातृसंस्था बॉस्टनचं अमेरिकन बोर्ड. त्यांचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ साली मुंबईत उतरले. आणि याच बोर्डानं १८१७ साली टेनेसीत चेरोकी आदिवासींमध्ये ब्रेनर्ड इथं निवासी शाळा काढली! म्हणजे मराठी मुलखाची आणि चेरोकी मुलांची वही एकाच कचेरीत. बोर्डाचा एक मिशनरी, सॅम्युअल वूस्टर, चेरोकींच्या बाजूनं जॉर्जिया राज्याशी भांडून तुरुंगात गेला. १८३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या खटल्यात सांगितलं की चेरोकी भूमीवर जॉर्जियाचा कायदा चालत नाही. तिथला आदिवासी हक्कांचा कायदा आजही या निकालाचा आधार घेतो. त्याच संस्थेच्या माणसांनी शंभरेक वर्षांत सोलापुरात कुंपणाच्या आतली व्यवस्था सांभाळावी, हे मला अजून पचत नाही.

पण तारखा आड येतात. मूल काढून घेण्याची तरतूद १८९७च्या दुरुस्तीत आली आहे, तेव्हा तर वयाची खालची मर्यादा चारच होती. मिशन सेटलमेंटमध्ये आलं ते पुष्कळ नंतर. शिवाय चेरोकी आई-बाप मुलं आपणहून धाडत होते. साल्व्हेशन आर्मीकडे बोट दाखवणारेही भेटतात. पण या ख्रिस्ती संघटनेच्या बूथ-टकरची मंडळी या कामात पडली १९०८ साली, गोरखपूरला. त्यांचा दावा एवढ्यानंच निकालात निघतो.

खरा धागा कलमातच आहे. मुलाला कामाला बाहेर कसं द्यायचं, अशा गोष्टींसाठी कलम १७ सरळ १८९७च्या सुधारशाळा कायद्याकडे बोट करतं. दुरुस्तीचंही साल तेच! एकाच वर्षी, एकाच विधिमंडळात दोन्ही कागद. तरी एक फट राहते. सुधारशाळेत जायला मुलानं गुन्हा केलेला लागतो, इथं तो नाही. ही फट बुजवतो इंग्लंडचा १८६६चा औद्योगिक शाळा कायदा. चोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांच्या संगतीत वावरणारं मूल, त्यानं स्वतः काही केलं नसलं तरी, त्या कायद्यानं उचलता येई. लंडनला ही संगत गल्लीतल्या टोळक्याची होती. आपल्याकडे अख्खी जमातच चोर म्हणून नोंदली गेली, आणि मग मुलाची वाईट संगत म्हणजे त्याची आईच ठरली. मसुदा लिहिणाऱ्याच्या टेबलावर १८६६चा कायदा उघडा होता, अशी माझी पैज आहे. कागदानं ती जिंकता येणार नाही, पण याहून सरळ वाट कुणी दाखवावी.

बॉस्टनला मात्र मी पुरतं सोडत नाही. कायदा लंडनचा असेल, पण मिशनच्या वसतिगृहातली घंटा, प्रार्थना आणि हातकाम यांचा साचा मला ब्रेनर्डचाच वाटतो.

याच कुळीची दुसरी फांदी १९२४ची. त्या वर्षी गुन्हेगार जमाती कायदा नव्यानं एकत्र बांधला गेला, कलम १७ सकट, आणि त्याच वर्षी मुंबईचा बालकायदाही झाला. अनाथ, भटक्या, टाकलेल्या मुलांना सांभाळायला एक, आई-बाप धडधाकट असलेल्यांना उचलायला दुसरा. बालकायदा नवनव्या नावांनी पुढे चालत २०१५च्या बालन्याय कायद्यापर्यंत आला.

अमेरिकेनं निवासी शाळांचा आणि परक्या घरी दिलेल्या मुलांचा अनुभव घेऊन १९७८ साली आदिवासी बालकल्याण कायदा केला: मूल घराबाहेर ठेवायचंच तर आधी नातेवाईक, मग त्याची जमात, मग दुसरी आदिवासी कुटुंबं. २०२३ साली तो सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी टिकला. भारतानं १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचं कलम ३० आदिवासी मुलाला आपल्या माणसांत, आपल्या भाषेत वाढायचा हक्क देतं. आपल्या २०१५च्या कायद्यात कुटुंबाला पहिला मान आहे, संस्था हा शेवटचा उपाय आहे. जमातीचा असा क्रम त्यात नाही. सिग्नलवर भीक मागताना सापडलेलं पारधी मूल सोलापूरच्या बालकल्याण समितीपुढे येतं, तेव्हा आई-बापांनंतर कुणाला हाक मारायची, हे समितीनं आपल्या समजुतीनं ठरवायचं.